जवळची गाडी

मराठीत ‘उपनगर’ हा शब्द उच्चारला की मुंबई डोळ्यांपुढे येते. दादर, कुर्ला, ठाणे, बोरिवली; मासिक पास, चौथी सीट, फलाटावरची धावपळ. आमच्या वाचनात आलेल्या मराठी कथा-कवितांतील रेल्वे बहुतांशी हीच. मराठवाड्यातल्या वाचकाला हे चित्र वाचून वाचून तोंडपाठ झालेले असते, आणि त्याचा एक परिणाम असा की स्वतःच्या गावच्या स्थानकाकडे तो मुंबईला जाण्याचे दार एवढ्याच दृष्टीने पाहू लागतो. स्थानक म्हणजे रात्री जेथून गाडी सुटते आणि सकाळी आपल्याला दुसरीकडे नेऊन सोडते ती जागा. सकाळी कामाला जावे आणि संध्याकाळी घरी परतावे, यासाठीही स्थानक असते, ही कल्पना नांदेड किंवा लातूर यांच्या संदर्भात आपल्या मनाला फारशी शिवतच नाही.

वस्तुतः या देशातील पहिली प्रवासी गाडी जवळचीच गाडी होती. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघून ती ठाण्याला पोहोचली. अंतर सुमारे ३४ किलोमीटर. लातूर ते लातूर रोड हे अंतर जवळजवळ तेवढेच आहे. नांदेडहून पूर्णेपर्यंतचे अंतरही त्याच्याच आसपास भरेल. म्हणजे अंतराच्या हिशेबाने आपल्याकडेही बोरीबंदर–ठाणे आहे. गाड्यांच्या हिशेबाने नाही.

आमचे म्हणणे असे की गेल्या पन्नास वर्षांत या दोन शहरांनी रेल्वेकडे जे मागितले ते प्रामुख्याने दूरच्या गाडीसाठी. जवळच्या गाडीचा उल्लेख झाला तर तो निवेदनाच्या शेवटच्या कलमात, आणि शेवटच्या कलमाचे शासनदरबारी काय होते ते सुज्ञ वाचकांस सांगावयास नको.

याची कारणे इतिहासात आहेत. नांदेडला रेल्वे आली ती निजामाच्या राज्यातील हैदराबाद–गोदावरी व्हॅली या मीटरगेज मार्गाने. सिकंदराबादपासून मनमाडपर्यंतचा हा मार्ग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी, १९०१ च्या सुमारास पूर्ण झाला. त्याची दोन टोके पाहिली की त्याचा हेतू कळतो. एक टोक राजधानीजवळ, दुसरे मुंबईकडे जाणाऱ्या ब्रिटिश मार्गावर. मधली गावे ही मधलीच. धर्माबाद, उमरी, मुदखेड, नांदेड, पूर्णा, परभणी, जालना ही नावे त्या मार्गाला आनुषंगिक होती. शिवाय मार्ग मीटरगेज आणि मनमाडला भेटणारा ग्रेट इंडियन पेनिन्सुलाचा मार्ग ब्रॉडगेज, त्यामुळे कापसाची गाठ असो वा माणूस, मनमाडला उतरून दुसऱ्या गाडीत चढल्याशिवाय मुंबई नाही. मराठवाड्यातल्या तीन-चार पिढ्यांच्या आठवणीत ‘मनमाडला गाडी बदलणे’ हा प्रवासातला एक स्वतंत्र अध्याय आहे: मध्यरात्रीचा फलाट, ट्रंका, झोपेतून उठवलेली मुले, आणि आरक्षण असूनही मनात असलेली धाकधूक.

हा अपमान होता, आणि तो अपमान म्हणूनच समजला गेला. १९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनाच्या मागण्यांत ब्रॉडगेजची मागणी होती. गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारख्यांनी ती पुढेही अनेक वर्षे लावून धरली. औरंगाबादपर्यंत (आजचे छत्रपती संभाजीनगर) ब्रॉडगेज पोहोचायला १९९० चे दशक उजाडावे लागले, नांदेडपर्यंत त्यानंतर, आणि मुदखेडच्या पुढे निजामाबादकडचा भाग तर २००० नंतर झाला. इतकी वर्षे एकच मागणी करावी लागली की ती मागणी हाच विचार होऊन बसतो. मनमाडला न उतरता मुंबईला जाता आले पाहिजे, या एका वाक्यात रेल्वेविषयीचे आपले सगळे चिंतन मावू लागले. त्या पिढीला आम्ही दोष देत नाही. त्यांच्या जागी आम्ही असतो तर आम्हीही हेच मागितले असते.

लातूरची गोष्ट मात्र निराळी आहे, आणि आमच्या मते अधिक मनोरंजक. लातूरला रेल्वे आली ती राजधानीकडून नव्हे, बार्शीकडून. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज अभियंत्याने अडीच फुटी नॅरोगेजचा ‘बार्शी लाइट’ मार्ग काढला. १८९७ मध्ये त्याची पहिली गाडी बार्शी रोड (म्हणजे आजचे कुर्डुवाडी) ते बार्शी अशी धावली. १९०६ मध्ये मार्ग पंढरपूरला गेला, १९०७ मध्ये तडवळ्याला, १९११ मध्ये लातूरला, आणि १९२७ मध्ये पंढरपूरहून मिरजेला. कॅलथ्रॉपचा आग्रह असा होता की रूळ हलके असले तरी चालतील, मात्र डब्याचे वजन सर्व आसांवर नीट वाटले गेले पाहिजे. प्रत्येक आसावर पाच टनांहून अधिक भार नको. त्याने ती मर्यादा पाळली आणि थोड्या खर्चात पंढरीचे वारकरी व बाजारचा माल या दोहोंची सोय झाली. लोक या गाडीची चेष्टा करीत. चालत्या गाडीतून उतरून शेतातल्या हरभऱ्याचे डहाळे उपटून पुन्हा गाडीत बसता येते, अशी कथा जवळजवळ प्रत्येक नॅरोगेजविषयी सांगितली जाते, तशी ती हिच्याविषयीही सांगितली जाई. पण येडशी, ढोकी, मुरूड, हरंगुळ या गावांच्या बाजारहाटाला ती उपयोगी पडत होती. खाजगी कंपनीची, परक्या माणसाने काढलेली, ब्रिटिश मुलखातून निजामाच्या मुलखात येणारी ही गाडी खऱ्या अर्थाने जवळची गाडी होती. १९५४ मध्ये सरकारने ती कंपनी विकत घेतली.

येथे थोडे विषयांतर करतो. आपल्या भागात ‘रोड’ नावाची स्थानके फार: लातूर रोड, औसा रोड, कळंब रोड, आणि कुर्डुवाडीचे जुने नाव बार्शी रोड. रेल्वेच्या भाषेत ‘रोड’चा अर्थ, गाव येथे नाही, गावाकडे जाणारा रस्ता येथून निघतो. विकाराबादहून बीदरमार्गे परळीला जाणारा निजामाचा ब्रॉडगेज मार्ग १९३० च्या सुमारास बांधला गेला तेव्हा त्याने लातूर शहराला स्पर्श केला नाही. तीसेक किलोमीटरवर चाकूर तालुक्यात एक स्थानक केले आणि त्याला लातूरचे नाव देऊन टाकले. एका शहराच्या दोन बाजूंना दोन वेगळ्या मापांचे रूळ, आणि ते एकमेकांना भेटत नाहीत, अशी स्थिती पुढे कित्येक दशके होती.

लातूर–धाराशिव हा टप्पा ब्रॉडगेज होऊन २००७ मध्ये सुरू झाला, धाराशिव–कुर्डुवाडी २००८ मध्ये. जुनी नॅरोगेज धाराशिव शहराला टाळून येडशीवरून जात असे. नव्या मार्गाने वळण घेऊन त्या जिल्ह्याच्या ठिकाणाला पहिल्यांदा स्वतःचे स्थानक दिले. लातूर शहरातले स्थानकही हलले. पूर्वी रूळ वस्तीतून जात; आज त्या पट्ट्याला ‘जुनी रेल्वे लाइन’ म्हणतात, दुकानांच्या पाट्यांवर आणि लग्नपत्रिकांवर तोच पत्ता छापतात. गाडी गेली, पत्ता राहिला. बाजारपेठेतून पायी गाठता येणारे स्थानक गेले आणि रिक्षाने गाठावे लागणारे आले. रात्रीच्या मुंबईच्या गाडीसाठी याने काही बिघडत नाही, कारण पाचशे किलोमीटरच्या प्रवासात रिक्षाचे चार किलोमीटर कोण मोजतो? परंतु मुरूडहून लातूरला शिकायला येणाऱ्या मुलीच्या हिशेबात ते चार किलोमीटर फार मोठे असतात. तिला बस दारातून मिळते. मग ती गाडीकडे का वळेल? आणि ती वळली नाही की रेल्वे म्हणते, या गाडीला प्रवासी नाहीत.

याच मार्गाने २०१६ मध्ये पाणी आले. त्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले होते, शहरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती. १२ एप्रिल रोजी मिरजेहून पाण्याच्या दहा वाघिणी लातूरला आल्या, पाच लाख लिटर पाणी घेऊन. पुढे पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली, तिच्यात पंचवीस लाख लिटर मावे. ऑगस्टपर्यंत शंभराहून अधिक फेऱ्या झाल्या. ‘जलदूत’ या नावाने ही गाडी देशभर गाजली. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर हा तिचा मार्ग म्हणजे थोड्याफार वळणांचा फरक सोडला तर बार्शी लाइटचाच मार्ग होता, याची आठवण मात्र फार थोड्यांनी केली. एकेकाळी ‘फायद्याचा नाही’ म्हणून ज्याचे रुंदीकरण रेंगाळत होते तो मार्ग रुंद झालेला नसता, तर त्या वैशाखात पन्नास वाघिणी लातूरला आल्या नसत्या. रेल्वेमार्गाचा उपयोग केवळ तिकीटविक्रीच्या आकड्यांनी ठरवू नये, याचा एवढा धडधडीत पुरावा दुसरीकडे क्वचितच मिळेल.

आता नांदेड आणि लातूर यांच्यातील व्यवहाराकडे येऊ. ही दोन शहरे एकमेकांची प्रतिस्पर्धी आहेत असे गृहीत धरण्याची आपल्याला सवय झाली आहे. २००९ च्या जानेवारीत नांदेडला विभागीय आयुक्तालय देण्याचा निर्णय झाला तेव्हा लातूर पेटले. २०१७ मध्ये लातूर–मुंबई एक्स्प्रेस आठवड्यातून तीन दिवस बीदरपर्यंत नेण्यात आली तेव्हा ‘आमची गाडी पळवली’ म्हणून लातूरकर रुळांवर उतरले. ती तक्रार खोटी नव्हती. गाडी पुढच्या गावाहून निघू लागली की आपल्या गावाच्या वाट्याच्या जागा आटतात, आणि साध्या डब्यात तर बसायलाच मिळत नाही. परंतु या सगळ्या भांडणाचे स्वरूप पाहा. वाद आहे तो मुंबईच्या गाडीच्या शेवटच्या स्थानकाचा. कोणाच्या गावात गाडी रात्री उभी राहणार, फलकावर कोणाचे नाव येणार, यावर एवढी शक्ती खर्च झाली की लातूरहून नांदेडला कसे जायचे, हा प्रश्न कोणी मोठ्याने विचारलाच नाही.

हा प्रश्न काल्पनिक नाही. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ पासून नांदेडला आहे, आणि लातूर जिल्ह्यातली महाविद्यालये त्याच्या कक्षेत येतात. पदवीचे काम, संशोधनाची नोंदणी, परीक्षेचा घोळ, अध्यापकांच्या बैठका, यांसाठी लातूर, उदगीर, अहमदपूर येथील माणसे वर्षभर नांदेडला जात असतात. उलट बाजूने ‘लातूर पॅटर्न’च्या शिकवण्यांसाठी नांदेड जिल्ह्यातली मुले लातूरला खोल्या घेऊन राहतात. दोन्ही शहरांतली मोठी रुग्णालये एकमेकांच्या तालुक्यांतले रुग्ण तपासतात. एवढा व्यवहार असलेल्या दोन शहरांतले रस्त्याचे अंतर दीडशे किलोमीटरांच्या आत आहे. रेल्वेने जायचे तर पूर्णा, परभणी, गंगाखेड, परळी, लातूर रोड असा वळसा घालून दोनशे किलोमीटरांहून अधिक. नांदेड–पनवेल गाडी या वळशाने लातूरला जाते, हे खरे. पण ती पनवेलची गाडी आहे, लातूर तिच्या वाटेत लागते इतकेच. तिच्या वेळा पुण्या-मुंबईकडील प्रवाशाच्या सोयीने ठरणार, विद्यापीठाच्या कार्यालयाच्या वेळेने नाही.

त्यात हद्दींचा घोळ आहे. २००३ मध्ये नांदेड हा दक्षिण मध्य रेल्वेचा स्वतंत्र विभाग झाला, मुख्यालय सिकंदराबाद. लातूर मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात, मुख्यालय मुंबई. मधले लातूर रोड सिकंदराबाद विभागात. म्हणजे शेजारच्या दोन जिल्ह्यांत जाण्यासाठी दोन झोन आणि तीन विभाग ओलांडायचे. निजामाच्या आणि ब्रिटिशांच्या मुलखांची सीमा १९४८ नंतर नकाशावरून पुसली गेली. वेळापत्रकात तिची वंशज अजून आहे. नांदेड विभाग मध्य रेल्वेला जोडावा ही मागणी अधूनमधून होते. ती योग्यच आहे. मात्र ती करतानाही आपण मुंबईकडे तोंड करून उभे असतो. विभाग जोडून जर फक्त मुंबईची आणखी एक गाडी मिळणार असेल तर मुरूडच्या मुलीला त्यात काही नाही.

लातूरजवळचे हरंगुळ आणि नांदेडजवळची मालटेकडी ही दोन छोटी स्थानके आम्हांस या संपूर्ण प्रश्नाची किल्ली वाटतात. मालटेकडी नांदेडहून मुदखेडकडे जाताना लागते. शहर वाढत वाढत तिच्यापर्यंत गेले आहे. शब्दाच्या काटेकोर अर्थाने ती उपनगरी स्थानके आहेत. उपनगरी गाडी तेवढी नाही. हरंगुळचे भाग्य अलीकडे थोडे फळफळले. ऑक्टोबर २०२३ मध्ये पुणे–हरंगुळ अशी दैनंदिन गाडी सुरू झाली, तीही ‘विशेष’ या बिरुदाखाली, मुदतवाढीवर मुदतवाढ घेत. पुण्याच्या फलकावर हरंगुळचे नाव झळकले तेव्हा अनेकांनी हे गाव कोठे आले म्हणून विचारले. हरंगुळच्याच परिसरात मराठवाडा रेल्वे डबा कारखाना उभा राहिला. ३१ मार्च २०१८ रोजी भूमिपूजन, २५ डिसेंबर २०२० रोजी पहिल्या डब्याचा सांगाडा तयार. आरंभी घोषणा होती ती मेट्रोच्या आणि मेमू-लोकलसारख्या जवळच्या अंतराच्या गाड्यांच्या डब्यांची. २०२३ मध्ये वंदे भारतच्या शयनयान गाड्यांचा मोठा करार झाला आणि कारखान्याचे भवितव्य त्या कराराशी बांधले गेले. म्हणजे जवळच्या गाड्यांसाठी काढलेला कारखानाही शेवटी रात्रीच्या, लांबच्या, आरक्षित गाडीकडे वळला. कारखाना आला याचा आम्हांला आनंदच आहे. परंतु त्याच्या कुंपणाशेजारच्या स्थानकावरून कामगाराला मुरूडला किंवा लातूर रोडला पाळीच्या वेळेत नेणारी गाडी नसावी, हे काही ठीक नव्हे.

नांदेडकडेही तेच. जालना–मुंबई वंदे भारत २०२३ च्या अखेरीस सुरू झाली आणि २०२५ मध्ये ती नांदेडपर्यंत आली. सत्कार झाले, पेढे वाटले गेले. त्याच काळात साध्या पॅसेंजरचे काय झाले? २०२० च्या टाळेबंदीत बंद पडलेल्या पॅसेंजर पुन्हा सुरू झाल्या त्या ‘एक्स्प्रेस विशेष’ म्हणून. डबे तेच, थांबे तेच, गती तीच, पण किमान भाडे दहा रुपयांचे तीस रुपये. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते पुन्हा दहावर आले. मधल्या तीन-चार वर्षांत लिंबगाव किंवा मुगटच्या भाजीवालीने तिप्पट भाडे दिले किंवा जाणे सोडले. या गोष्टीवर आपल्याकडे एकही मोठे आंदोलन झाल्याचे आम्हांला स्मरत नाही. गाडी पळवली की आपण रुळांवर उतरतो, भाडे पळवले तर उतरत नाही.

यावर आक्षेप येतील ते आम्हांला ठाऊक आहेत. जवळच्या गाड्या तोट्यात चालतात, हा पहिला. तो खरा आहे. पण देशातली प्रवासी वाहतूक एकंदरीतच मालवाहतुकीच्या उत्पन्नावर तगते, मुंबईची लोकलही तोट्यातच चालते, आणि ती बंद करा असे कोणी म्हणत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कुर्डुवाडी–लातूर–लातूर रोड हा मार्ग एकेरी आहे. एकेरी मार्गावर प्रत्येक संथ गाडी म्हणजे समोरून येणाऱ्या गाडीसाठी एखाद्या आडगावी वाट पाहणे. अशा मार्गावर दिवसातून सहा मेमू सोडा म्हटले तर पुण्याच्या गाड्या रखडतील, आणि रखडलेल्या पुणेकरांचा आवाज मुरूडकरांपेक्षा मोठा असतो. म्हणून लातूरच्या बाजूला आरंभी सकाळची एक आणि संध्याकाळची एक एवढेच मागणे शहाणपणाचे: धाराशिवहून निघून हरंगुळ, लातूर करीत लातूर रोड आणि उदगीरपर्यंत जाणारी, आणि तशीच परतणारी. क्रॉसिंगची व्यवस्था वाढली की फेऱ्या वाढवता येतील.

नांदेडच्या बाजूला ही सबब चालणार नाही. परभणी–मुदखेड मार्ग दुहेरी झाला आहे, त्याचे विद्युतीकरणही झाले आहे. पूर्णा, नांदेड, मालटेकडी, मुदखेड ही ओळ मेमूसाठी जणू आखून ठेवल्यासारखी आहे. परभणी ते नांदेड अंतर साठ किलोमीटरांच्या आसपास. नोकरदार, विद्यार्थी, कोर्टकचेरीची माणसे, गुरुद्वाऱ्याला येणारे यात्रेकरू, सगळे याच पट्ट्यातले. कचेरी उघडण्याच्या आधी पोहोचणाऱ्या दोन गाड्या आणि सुटल्यावर परतणाऱ्या दोन, मासिक पास चालतील असे डबे, आणि मालटेकडीला शहराच्या बाजूने धड पोचरस्ता व दिवे. यासाठी सर्वेक्षण नको, भूसंपादन नको, दिल्लीची मंजुरीही बहुधा नको. विभागीय वेळापत्रक समितीपुढे नेटाने बसणारी चार माणसे हवीत.

नांदेड–लोहा–अहमदपूर–लातूर रोड या थेट मार्गाची मागणी जुनी आहे. तो झाला तर वळसा संपेल, आणि तो व्हावा म्हणून आम्हीही सही करू. परंतु कॅलथ्रॉपची गाडी बार्शीहून लातूरला यायला चौदा वर्षे लागली, आणि मनमाडच्या रुंदीकरणाची वाट दोन पिढ्यांनी पाहिली. तोवर जे रूळ जमिनीवर आहेत त्यांवर सकाळी साडेआठला एक गाडी उभी करता येते की नाही, हे आधी विचारावे. पुढच्या वेळी एखादा लोकप्रतिनिधी मुंबईच्या नव्या गाडीचे निवेदन घेऊन सहीसाठी आला, तर त्याच्या शेवटच्या कलमाला पहिला क्रमांक द्या एवढीच विनंती आम्ही त्याला करणार आहोत.